वन्स मोअरला नांदी नसते

प्रेमलता सोहोनींच्या उजव्या हाताला एक खोड होती, आणि अख्ख्या कलकत्त्यात ती बहुधा त्यांच्याच हाताला असावी. गाणं संपून पुन्हा म्हणायचं झालं, की तो हात सुरुवातीचे सूर वाजवायला जातच नसे. मांजर जसं घरातल्या उन्हाच्या पट्ट्यावर नेमकं जाऊन बसतं, तसा तो थेट गाणाऱ्याच्या पहिल्या ओळीवर जाऊन बसे.

त्या हाताचा तरी काय दोष? पोरवयापासून तो मराठी मंडळाच्या संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करत आला होता. कलकत्त्यात मराठी माणसं ती किती, ओंजळभर. पण गणपतीत नाटक बसवायचं म्हटलं की त्या ओंजळीतून राजा निघे, राणी निघे, विदूषक तर दोन-दोन निघत. ऑर्गनवर बसायला मात्र एकट्या प्रेमलताबाई. रंगमंचाच्या डाव्या अंगाला, प्रकाशाच्या बाहेर, पायानं भाता मारत आणि डोळे गाणाऱ्याच्या ओठांवर लावून त्या बसत. पद रंगलं की मागच्या रांगांतून हाक येई, 'वन्स मोअर!' त्या हाकेची ऊब असेतोवर पद पुन्हा उचललं गेलं पाहिजे. तिथे सुरुवातीची सुरावट घोळवत बसलं तर नटाचा दम निवतो आणि पब्लिक पानसुपारीच्या गोष्टी करू लागतं. म्हणून दिगंबरपंत नावाच्या जुन्या गायकनटानं त्यांना पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "पोरी, वन्स मोअरला नांदी नसते. सरळ मुखडा दे."

त्यांनी दिला. आयुष्यभर दिला. पंत गेले, नाटकं विरळ झाली, मंडळाच्या ऑर्गनच्या भात्याला उंदरांनी भोक पाडलं. पण हात शिकला ते शिकला.

आणि आता, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्या हातानं त्यांची झोप उडवली होती.

झालं असं. या हिवाळ्यात शहरातल्या एका रेडिओ केंद्रानं बरोक संगीताचा हंगाम जाहीर केला. बरोक म्हणजे तीन-चारशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं संगीत, बाख आणि हँडेल यांच्या काळातलं. दर रविवारी सकाळी त्याचा एक कार्यक्रम. बाकीचे सगळे तबकड्यांवरून वाजवायचे, आणि शेवटचा मात्र पार्क स्ट्रीटच्या मागच्या एका जुन्या चर्चमधून थेट, गाणारे-वाजवणारे सगळे इथलेच. डमडमच्या सोहोनींच्या फ्लॅटमध्ये थंडीभर हाच रतीब चालू होता. प्रेमलताबाई रेडिओला कान लावून बसत आणि त्यांचे यजमान मनोहरराव, गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झालेले, डोक्यावर माकडटोपी चढवून शेजारी मटार सोलत.

"अगं, ही माणसं श्वास कधी घेतात? पंखा लावल्यासारखं आपलं चालूच."

"तुमच्या रेल्वेपेक्षा बरं. वेळेवर सुटतं आणि वेळेवर पोचतं."

"आमची गाडी उशिरा पोचायची, पण माणसं तरी उतरायची तिच्यातून. यातून उतरायचं कुठं?"

प्रेमलताबाईंचा यात संबंध असा, की त्यांनी मुलींच्या एका शाळेत कित्येक वर्षं संगीत शिकवलं होतं. लहानपणी एका अँग्लो-इंडियन बाईंकडे पियानो शिकल्यामुळे पाश्चात्य स्वरलिपी त्यांना वर्तमानपत्रासारखी वाचता येई. त्यांची शाळेतली विद्यार्थिनी कादंबरी त्यांच्याच मागच्या गल्लीत राहायची. सहावीत असताना प्रार्थनेच्या रांगेत प्रेमलताबाईंनी तिचा आवाज वेचून काढला होता. आता ती बाविशीत होती, लहान मुलांच्या शिकवण्या करायची, आणि आवाज असा झाला होता की खालच्या मजल्यावरच्या रागीट पालबाबूंनी आजवर एकदाही तक्रार केली नव्हती. शेवटच्या कार्यक्रमात हँडेलचं एक गाणं तिला मिळालं होतं. जर्मनीहून एक गानशिक्षिका त्या हिवाळ्यात शहरात आल्या होत्या. इथल्या एका मुलीला किंवा मुलाला त्या तिकडच्या उन्हाळी शिबिरासाठी नेणार होत्या, सगळ्या खर्चासकट. त्या शेवटच्या रविवारी चर्चमध्ये बसून ऐकणार होत्या.

कादंबरीच्या घरात विमान फक्त गच्चीवरून दिसायचं. डमडमला ते इतकं खालून जातं की चाकं मोजावीत. बसायचा योग मात्र त्या घरात कुणालाच आला नव्हता.

ऑर्गनवर कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा ती पोर म्हणाली, "मिस." दुसरं नाव तिला सुचलंच नाही.

*

आता या बरोक गाण्यांची एक गंमत असते. गाण्याचे दोन भाग. आधी पहिला, मग दुसरा, आणि मग पुन्हा पहिला. म्हणजे वन्स मोअर कागदावरच छापलेला, पब्लिकनं ओरडायची गरज नाही. दुसऱ्या खेपेला गाणाऱ्यानं आपल्या पदरच्या हरकती, मुरक्या घालून तीच ओळ सजवायची. प्रेमलताबाईंनी हे पहिल्यांदा नीट समजून घेतलं तेव्हा त्यांना कोण आनंद झाला! म्हणजे ही तर आपलीच माणसं. ऑर्गनचंही तसंच. कागदावर डाव्या हातासाठी एक ओळ, तिच्याखाली काही आकडे, आणि उजव्या हातानं काय भरायचं ते वाजवणाऱ्यानं प्रसंग बघून ठरवायचं. हेच तर त्या जन्मभर करत आल्या होत्या. आणि चर्चचा ऑर्गनही पायानं भाता मारायचा, अगदी मंडळाच्या ऑर्गनचा मावसभाऊ शोभावा असा. पहिल्या तालमीला त्या माहेरी निघाल्यासारख्या गेल्या.

तालीम सौरभ घेत होता. चाळिशीचा, दाढीवाला, व्हायोलिन हनुवटीखाली धरून मानेनंच सगळ्यांना इशारे करणारा. त्याच्याबरोबर आणखी काही व्हायोलिनं, आणि तन्मय नावाचा एक अबोल चेलोवाला; चेलो म्हणजे गुडघ्यांत धरायचं थोरलं व्हायोलिन. पहिला भाग झाला, दुसरा झाला, सौरभनं मान हलवली, व्हायोलिनांनी सुरुवातीची सुरावट उचलली आणि प्रेमलताबाईंचा हात थेट गाण्याच्या ओळीवर. कादंबरी गोंधळून दोघांकडे बघत उभी.

"थांबा, थांबा." सौरभनं व्हायोलिनचा गज खाली घेतला. "माशीमा," बंगाली पोरं मावशीला म्हणतात तसं तो म्हणाला, "तुम्ही कुठे पोचलात?"

"गाण्यावर."

"आम्ही अजून सियालदहच्या फलाटावरच आहोत."

सगळे हसले. प्रेमलताबाईही हसल्या. "अरे, सुरुवात एकदा झाली ना? पुन्हा कशाला?"

"कारण लिहिणाऱ्यानं तसं लिहिलंय, माशीमा. पुन्हा सुरुवातीपासून, आणि सुरुवात म्हणजे व्हायोलिनपासून."

त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं कागदावर मोठी खूण केली. दुसऱ्या तालमीला खूण डोळ्यांनी पाहिली, डोक्यानं वाचली, आणि हात पुन्हा थेट ओळीवर. या वेळी कुणी हसलं नाही. ते हसण्यापेक्षा वाईट.

तालीम संपल्यावर सौरभ त्यांना बाजूला घेऊन गेला. मुलगा सज्जन होता, बोलताना त्याचे कान लाल झाले होते.

"माशीमा, रागावू नका. चर्चचे नेहमीचे ऑर्गनवाले आहेत, ते एका बैठकीत बसवून देतील. हे रेडिओवर थेट जाणार. तोंडातून निघालं की निघालं. तुमच्यासाठी नाही म्हणत, तिच्यासाठी म्हणतो. त्या बाई ऐकायला येणार आहेत."

"खरं आहे तुझं," प्रेमलताबाई म्हणाल्या. आणि ते खरंच होतं.

पण मागून कादंबरी आलेली कुणी पाहिली नव्हती. "सौरभदा, मिस नसतील तर मी पण नाही."

"वेडी आहेस का?"

"असेन. त्या नसल्या की माझा श्वास पुरत नाही."

सौरभनं कपाळाला हात लावला. शेवटी ठरलं ते असं, की पुढच्या तालमीत पुन्हा तीच चूक झाली तर माणूस बदलायचा, आणि मग कुणी हट्ट धरायचा नाही.

परतीच्या मेट्रोत कादंबरी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली. प्रेमलताबाई मात्र आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या. मांडीवर पडलेला, शिरा वर आलेला, एक जुनी सोन्याची अंगठी घातलेला, दिसायला किती गरीब हात! आणि हाच पोरीचं विमान चुकवणार. त्यांनी तो डाव्या हाताखाली दाबून धरला, कुणी बघत नसताना.

*

त्यानंतरचे दिवस त्यांनी काढले ते परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे. आमटीत दोनदा मीठ पडलं, एकदा पडलंच नाही. फोन वाजला की वाटे, सौरभच असणार, बदललं असणार त्यानं. नाटकाच्या दिवसांत तिसरी घंटा झाली की भीती वाटे, पण पडदा वर गेला की ती विरायचीही. इथे घंटा कानात वाजतच राहिली होती आणि पडदा काही हलत नव्हता.

शेवटी मनोहररावांनाच दया आली.

"प्रेमा, मी व्हायोलिन होतो."

"म्हणजे?"

"तुला सुरुवातीला ते टँ टँ टँ हवं ना? मी म्हणतो. तू फक्त माझ्याबरोबर वाजव. माझ्यापुढे धावलीस तर मी शिट्टी मारीन."

मग सोहोनींच्या घरात रोज दुपारी एक अजब प्रयोग होऊ लागला. कादंबरी शिकायला संध्याकाळी येई, त्याआधी प्रेमलताबाई हार्मोनियम घेऊन बसत आणि मनोहरराव माकडटोपी घालून, डोळे मिटून, हँडेलची सुरावट गात. सूर त्यांना जन्मात लागला नव्हता. पण माणूस रेल्वेचा, सिग्नल पक्का. हात पुढे पळाला की शिट्टी. पहिल्या दिवशी इतक्या शिट्ट्या झाल्या की पालबाबू वर येऊन, कुकर बिघडला आहे का, असं विचारून गेले.

हळूहळू हात वळणावर आला. दुसरा भाग संपला की प्रेमलताबाई मनात म्हणत, नांदी, नांदी, नांदी, आणि हात नाखुशीनं का होईना, सुरुवातीच्या सुरांवर उतरे.

संध्याकाळी कादंबरी आली की मात्र तिच्या गाण्याचीच तयारी. हार्मोनियमवर व्हायोलिनांची सुरावट कुठे वाजवत बसायची? वेळ थोडा, पोरीला मुरक्यांची भीती. सौरभनं तिला दुसऱ्या खेपेच्या हरकती लिहून दिल्या होत्या आणि ती त्या पाढ्यांसारख्या घोकत होती.

"मिस, मधली विसरले तर?"

"विसरलीस तर दुसरी घाल. आमच्या पंतांनी वन्स मोअरला तीच तान दोनदा घेतली असं कधी झालं नाही. ओळ तुझी आहे ना? मग घाबरतेस काय. चल, पुन्हा."

आणि त्या मुखडा देत, आणि कादंबरी ओळ उचले. पुन्हा, आणि पुन्हा. दुपारी एक आणि संध्याकाळी दुसरं, असं चाललं होतं. पण प्रेमलताबाईंचं सगळं लक्ष आपल्या हातावर. डोळ्यांत तेल घालून त्या एकाच दाराशी पहारा देत होत्या.

तिसऱ्या तालमीत सगळं बरोबर झालं. सौरभनं मान हलवली, व्हायोलिनं निघाली, ऑर्गन त्यांच्याबरोबर निघाला. कादंबरी सौरभच्या गजाकडे बघत थांबली आणि आपल्या जागी बरोबर आली. सौरभ हसून म्हणाला, "माशीमा, फलाटावर स्वागत आहे." तरी घरी येताना प्रेमलताबाई कागदावरची तांबडी खूण पुन्हा पुन्हा बघत होत्या. एकदा जमलं म्हणजे जमलं असं नाटकवाल्याला सांगू नये. रंगीत तालीम छान झाली की जुनी माणसं उलट देवाला नारळ बोलत.

*

रविवारी सकाळी धुकं होतं. पिवळी टॅक्सी करून दोघी निघाल्या. मनोहरराव घरी राहिले, कारण रेडिओ कुणीतरी ऐकायला हवा ना. कादंबरीनं गळ्याभोवती दोन मफलर गुंडाळले होते आणि गरम पाण्याचा थर्मास पोटाशी धरला होता. श्यामबाजारच्या चौकात टॅक्सी उभी राहिली तेव्हा प्रेमलताबाईंनी सवयीनं पाय हलवून पाहिला, भाता मारतात तसा. पाय ठीक होता. हाताकडे त्यांनी बघितलंच नाही, उगाच त्याला चेव यायला नको.

चर्चमध्ये रेडिओची माणसं वायरी पसरून बसली होती. ध्वनिमुद्रण सांभाळणारे गृहस्थ टाळ्या वाजवत इकडून तिकडे फिरत होते. आवाज खांबांवर आपटून परत येतो म्हणून त्यांनी कादंबरीचा मायक्रोफोन बराच पुढे नेला आणि तिला तिथे उभं केलं. आता वाजवणारे सगळे तिच्या पाठीमागे. प्रेमलताबाईंनी आपल्या जागेवरून पाहिलं, सौरभ समोर नीट दिसत होता, त्याची मान, त्याचा गज, सगळं. त्यांना हायसं वाटलं. दुसरा कुठलाही विचार त्यांच्या मनाला शिवला नाही.

पुढून दुसऱ्या बाकावर पांढऱ्या आखूड केसांच्या एक उंच बाई येऊन बसल्या. त्यांनी कोट काढून घडी करून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले.

तांबडा दिवा लागला. निवेदिकेनं गोड आवाजात हंगामाचा शेवटचा कार्यक्रम असल्याचं सांगितलं, नावं वाचली. प्रेमलता सोहोनी, ऑर्गन. इतकी वर्षं जाहिरातीत शेवटच्या ओळीत, 'साथसंगत' या शब्दामागे छापलं गेलेलं नाव हवेतून शहरभर गेलं, आणि त्यांना ते ऐकूही आलं नाही. कानांत एकच शब्द घुमत होता.

कादंबरी गायली. पहिला भाग असा गायली की तन्मयनं चेलोवरून मान वर करून तिच्या पाठीकडे पाहिलं. दुसऱ्या भागात सूर थोडे अंधारातले आहेत, तिथेही ती डगमगली नाही. ओळ संपत आली. प्रेमलताबाईंनी पान मागे उलटलं. तांबडी खूण. नांदी. नांदी. सौरभचा गज वर गेला, मान खाली आली. आणि त्यांचा हात, जन्मभराचा हट्टी हात, व्हायोलिनांबरोबर सुरुवातीच्या सुरांवर नेमका उतरला. बरोबर. अगदी बरोबर.

त्याच क्षणी कादंबरीनं मुखडा उचलला.

तिला समोर गज नव्हता, मान नव्हती, इशारा नव्हता. होती ती फक्त कित्येक संध्याकाळांची सवय. मिसच्या हार्मोनियमनं तिच्या श्वासात घालून ठेवलेली सवय, की पुन्हा म्हटलं की थेट ओळ. ती गात होती निर्धास्तपणे, डोळे मिटून.

जो चोर हातात पकडून ठेवला म्हणून प्रेमलताबाई निश्चिंत होत्या, तो त्यांनी स्वतःच पोरीच्या गळ्यात नेऊन बसवला होता.

बरं, हँडेलनं सुरुवातीची सुरावट आणि गाण्याची पहिली ओळ यांची तोंडं सारखी ठेवली होती. म्हणून दोन-चार स्वर दोन्ही एकमेकांत मिसळून गेले, ऐकणाऱ्याला वाटावं की असंच आहे. पण पुढे वाटा फुटणार. व्हायोलिनं वर चढणार, कादंबरी खाली उतरणार, आणि मग सगळ्या शहराला कळणार. विचार करायला जेवढा वेळ होता, तेवढ्यात भाता एकदा खाली जाऊन वर येतो.

कागद सांगत होता, व्हायोलिनांबरोबर राहा. सौरभला दिलेला शब्द तेच सांगत होता. प्रेमलताबाईंनी कागदावरून डोळे काढले आणि कादंबरीच्या पाठीवर लावले, खांदे कधी वर येतात, श्वास कुठे घेते ते बघत. दोन्ही हात त्यांनी व्हायोलिनांच्या खालून काढून तिच्या ओळीखाली सरकवले. मग मान वळवून तन्मयकडे असं पाहिलं, की शाळेतल्या मुली त्या नजरेला घाबरून गप्प होत. तन्मयनं काही विचारलं नाही. तो त्यांच्या डाव्या हाताबरोबर आला.

सौरभ दोन स्वर तसाच पुढे गेला. मग त्याचा गज तारेवरून उचलला गेला. बाकीची व्हायोलिनंही थांबली.

आता उरले तिघे, आवाज, चेलो आणि भात्याचा ऑर्गन. मागे काहीतरी नाहीसं झालंय हे कादंबरीला कळलं. तिच्या आवाजाला एक कंप सुटला, आणि सौरभनं लिहून दिलेल्या हरकती, पाढ्यांसारख्या घोकलेल्या, सगळ्या एका झटक्यात पुसल्या गेल्या. ती एका लांब सुरावर थांबून राहिली. कुठे जावं हे न कळून थांबलेली. प्रेमलताबाईही थांबल्या. सूर धरून, पाय सावकाश चालवत. ती उतरली नाही, त्याही हलल्या नाहीत. मग कादंबरीनं कुठूनतरी एक लहानशी मुरकी घेतली, कागदावर नसलेली, आणि ओळ पुढे गेली. जिथे व्हायोलिनं गाण्याला उत्तर देतात तिथे सौरभनं गज टेकवला, आणि सगळे एका दारातून बाहेर पडावेत तसे शेवटाला पोचले.

तांबडा दिवा विझला.

*

टाळ्या झाल्या. नंतर बाजूच्या लहान खोलीत चहाचे पेले वाटले जात असताना त्या उंच बाई आल्या आणि सरळ कादंबरीसमोर उभ्या राहिल्या. त्यांचं इंग्रजी सावकाश, एकेक शब्द ठेवल्यासारखं.

"पुनरावृत्तीत तुम्ही वाद्यांची सुरुवात गाळलीत. ही कल्पना कुणाची?"

प्रेमलताबाई पेला खाली ठेवून पुढे झाल्या. "माझी. म्हणजे चूक माझी. मीच तिला..."

"नाही," कादंबरी म्हणाली. "मी लवकर सुरू केलं. मिस बरोबर होत्या. मग त्या माझ्याबरोबर आल्या."

बाई दोघींकडे बघत राहिल्या. सौरभ दाराशी हाताची घडी घालून उभा होता.

"मला ते कळलं," बाई म्हणाल्या. "थांबलात तिथे मला सगळ्यात जास्त आवडलं. शिबिर जुलैत आहे. मी तुमचं नाव देते. पण एक सांगते. तिथे वाजवणारा तुमच्याबरोबर येणार नाही. त्याला तुमचा श्वास माहीत नसेल, आणि माहीत करून घ्यायला वेळही नसेल. चुकलात तर एकट्या चुकाल. याल?"

कादंबरीनं प्रेमलताबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीकडे बघू लागल्या. मुद्दाम.

"येईन," कादंबरी म्हणाली.

ती आईला फोन करायला बाहेर धावली, तेव्हा सौरभ जवळ आला. "माशीमा, लोकांना कळलं नाही म्हणजे चूक झाली नाही, असं नव्हे."

"नव्हेच."

"मी रागावलोय तुमच्यावर."

"रागाव. तो तुझा हक्क आहे."

मग त्यानं त्यांचा थंड झालेला पेला उचलला आणि बदलून गरम चहा आणून दिला.

मनोहररावांचा फोन आला तो नेमका तेव्हाच. "प्रेमा, काय सुंदर! आणि शेवटी ते व्हायोलिनवाले गप्प बसले ना, ते फार बरं केलं त्यांनी. पोरीचं गाणं तरी ऐकू आलं."

पोरीचं काम झालं होतं. मग आनंद व्हायला हवा होता की नाही? प्रेमलताबाईंना काही तो गवसेना. टॅक्सीत कादंबरी अखंड बोलत होती, पासपोर्ट, थंडीचे कपडे, आई कशी रडली. आणि प्रेमलताबाई शेजारी बसून जुलैचा विचार करत होत्या. कुठलंतरी परकं गाव, परका वाजवणारा, आणि मधल्या ओळीत पोरीचा श्वास अडकला तर? तिला कधी पडू दिलंच नव्हतं त्यांनी. सहावीपासून जिथे पाय घसरेल तिथे त्यांचा हात आधीच जाऊन थांबलेला असे. साथ करणाऱ्याचं कामच ते. पण त्यामुळे पोरीला एकटीनं उभं राहता येतं की नाही, हे या घडीपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. तिलाही नाही, त्यांनाही नाही.

मंगळवारी ती शिकवणीला आली, रोजच्यासारखी चपला दाराशी उडवून, चटईवर मांडी घालून.

प्रेमलताबाईंनी एकदा सूर दिला आणि हार्मोनियमचा भाता बंद केला.

"मिस?"

"म्हण."

"पेटी?"

"नाही. आजपासून जुलैपर्यंत नाही."

कादंबरीला आधी ती थट्टा वाटली. मग तिनं सुरुवात केली. पहिल्या काही ओळी ठीक गेल्या. मग आवाज जरा इकडे, जरा तिकडे, नवीन सायकलवर बसलेल्या मुलासारखा. दुसऱ्या भागात ती चांगलीच खाली घसरली. तिला ते कळतही होतं; ती प्रेमलताबाईंच्या चेहऱ्यावर खूण शोधत होती, भुवई, मान, काहीही. प्रेमलताबाईंनी दोन्ही हात शालीत घट्ट गुंडाळून घेतले आणि चेहरा कोरा ठेवला. रंगमंचावर मेलेल्या माणसाची भूमिका करणाऱ्यालाही इतका त्रास होत नसेल. एका स्वराची तर गोष्ट, एकच स्वर दाबला असता तर पोर वाटेवर आली असती.

मनोहरराव चहा घेऊन आले, दारातच थबकले. "काय गं, पेटी बिघडली का?"

"तुम्ही आत जा बघू."

कादंबरी थांबली. "मिस, मी उतरले ना? किती?"

प्रेमलताबाईंनी शालीतून हात काढला, भाता उघडला, एक स्वर दाबून दाखवला आणि लगेच भाता बंद केला. बरंच उतरली होती. कादंबरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिकडे असं झालं तर?"

"तर तुलाच चढावं लागेल." हात पुन्हा शालीत ओढून घेत त्या म्हणाल्या. "बस. पाणी पी. मग सूर मी देणार नाही, तू शोध."

कादंबरी पाणी प्यायली. बराच वेळ डोळे मिटून बसली. वरून एक विमान गेलं, खिडकीची तावदानं थरथरली, ते दूर जाईपर्यंत ती थांबली. मग तिनं हलकेच एक स्वर लावला आणि तो बरोबर आहे की नाही हे विचारण्यासाठी डोळे उघडले.

प्रेमलताबाई तिच्याकडे पाठ करून चहात साखर ढवळत होत्या.